न दुखणारे हृदय

'दुखणे अंगावर काढणे' हा आपल्या भाषेतील एक बोलका वाक्प्रचार आहे. त्यात थोडे कौतुक आहे आणि थोडी तक्रारही आहे. शेतात राबणारा बाप, मासळीच्या टोपल्या वाहणारी आई, घरातील सर्वांची जेवणे उरकल्याशिवाय पाठ न टेकणारी सून, अशी माणसे दुखणे अंगावर काढतात असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्या सोशिकपणाला दाद देतो आणि वेळीच औषधपाणी केले नाही म्हणून हळहळतोही. परंतु ह्या वाक्प्रचारात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. दुखणे दुखत असते. ते जाणवते म्हणूनच ते अंगावर काढता येते. जे दुखणे दुखतच नाही, त्याच्याशी माणसाने कसे वागावे, ह्याचे उत्तर ह्या वाक्प्रचारापाशी नाही.

मधुमेह आपल्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा करतो. वेदना ही निसर्गाने शरीराला दिलेली राखणदारीण आहे. हात विस्तवावर पडला की ती ओरडते आणि हात मागे घेतला जातो. हृदयाला रक्त कमी पडले की छातीत कळ येते, माणूस थांबतो, बसतो, कोणाला तरी हाक मारतो. दीर्घकाळ राहिलेला मधुमेह शरीरातील बारीक नसा निकामी करतो आणि त्यांत हृदयाचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसाही असतात. राखणदारीण मुकी होते. अशा माणसाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला, तरी कधीकधी त्याला केवळ दोन दिवस अशक्तपणा वाटला इतकेच आठवते.

त्याहूनही अधिक गुपचूप घडणारी एक प्रक्रिया आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मोठा अडथळा नसतानाही मधुमेहामुळे हृदयाचा स्नायू हळूहळू ताठर होऊ शकतो. १९७२ साली रुबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांचे हृदय दुर्बल झाले होते, परंतु नेहमीची कारणे सापडत नव्हती. मधुमेह मात्र चौघांनाही होता. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीतून असे दिसले, की मधुमेही पुरुषांत हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक आणि मधुमेही स्त्रियांत ते सुमारे पाचपट आहे. स्त्रियांविषयीचा हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हा प्रश्न दूरच्या देशाचाही राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के भरते, आणि सर्व राज्यांत ते सर्वाधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे गोव्यातील प्रत्येक चार प्रौढांमागे एकाहून अधिक. आपल्या ओळखीच्या घराघरांत औषधाची ती पट्टी आणि बिनसाखरेच्या चहाचा तो कप आहे.

धर्मग्रामात फिरताना एका मध्यमवयीन गृहस्थांनी मला विचारले, "फादर, माझ्या छातीत काही दुखत नाही. मग डॉक्टर हृदयाचे फोटो काढायला का सांगतात? आणि नाही काढले तर त्यात काही पाप आहे का?" प्रश्न विनोदाने विचारलेला नव्हता. त्यांच्यापुढे एका बाजूला मुलीच्या कॉलेजची फी होती आणि दुसऱ्या बाजूला तपासण्यांची यादी. त्यांच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. न दुखणाऱ्या हृदयात डोकावणे हे कर्तव्य आहे काय? आणि कर्तव्य असेल तर ते कोणाचे?

उत्तर शोधण्यापूर्वी हे डोकावणे म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुट हेर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ एकत्र आले. माल्मो येथील जहाजबांधणीच्या गोदीत धातूतील दोष शोधण्यासाठी एक यंत्र वापरले जात असे. ते श्राव्यातीत ध्वनी सोडायचे आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतली चीर ओळखायचे. ते यंत्र ह्या दोघांनी उसने आणले आणि माणसाच्या छातीवर लावून पाहिले. आज आपण ज्याला 'टू-डी इको' म्हणतो त्याचा उगम तेथे आहे. त्यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत; केवळ ध्वनी जातो, हृदयावर आदळतो आणि परत येतो.

ह्या प्रतिध्वनीतून पुष्कळ काही कळते. हृदयाचा खालचा डावा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, प्रत्येक ठोक्याला आपल्यातील किती रक्त बाहेर टाकते हे मोजता येते. निरोगी माणसात ते साधारण ५५ ते ७० टक्के असते. मधुमेह्याचे हृदय मात्र बऱ्याचदा रक्त टाकण्यात कमी पडण्याआधी रक्त घेण्यात कमी पडते. ताठर झालेला कप्पा नीट सैलावत नाही, त्यामुळे तो सहज भरत नाही. स्नायूच्या हालचालीचा वेग मोजून हेही पाहता येते. अलीकडच्या यंत्रांवर स्नायूवरील ठिपक्यांचा माग काढून, हृदय आपल्या लांबीत किती आखडते हे मोजतात. निरोगी हृदयात ते सुमारे २० टक्के आखडते, आणि रक्त टाकण्याचा आकडा उत्तम असतानाही हे आखडणे कमी झालेले दिसू शकते. ह्यांशिवाय किरणोत्सारी द्रव्य टोचून स्नायूला रक्त कोठे कमी पोहोचते हे दाखवणारी तपासणी आहे, रक्तवाहिन्यांतील चुना दाखवणारा सी.टी. स्कॅन आहे आणि स्नायूतील जुने व्रण दाखवणारा एम.आर.आय. आहे. मुक्या राखणदारणीच्या जागी माणसाने डोळस राखणदार उभे केले आहेत असे म्हणता येईल.

मग प्रश्न उरतो कोठे? शरीर सांगत नसेल तर यंत्राने विचारावे, हे शहाणपणाचेच दिसते. तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. ज्याला मधुमेह आहे त्या प्रत्येकाच्या हृदयाची प्रतिमा काढावी, दोष दिसल्यास उपाय करावा आणि झटका टाळावा. तर्क इतका सरळ आहे की त्याच्या सत्यतेविषयी शंका घेणे हेच कोणाला निष्काळजीपणाचे वाटावे.

परंतु काही वैद्यकीय संशोधकांनी ती शंका घेतली, आणि तिची परीक्षा केली. अमेरिका आणि कॅनडा येथील अकराशे तेवीस मधुमेही ह्या परीक्षेत सामील झाले. कोणालाही हृदयविकाराची लक्षणे नव्हती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाची किरणोत्सारी द्रव्याने हृदयतपासणी झाली, दुसऱ्याची झाली नाही. 'डायड' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी २२ टक्क्यांच्या हृदयाला कोठे ना कोठे रक्त कमी पडत असल्याचे दिसले. म्हणजे मुके दुखणे खरेच होते. दोन्ही गटांवर सरासरी ४.८ वर्षे लक्ष ठेवण्यात आले आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका हे तपासलेल्या गटात २.७ टक्के लोकांच्या वाट्याला आले आणि न तपासलेल्या गटात ३ टक्के लोकांच्या. हा फरक इतका किरकोळ होता की तो तपासणीमुळे पडला असे म्हणता येईना. २०१४ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नऊशे मधुमेही होते आणि सी.टी.द्वारे रक्तवाहिन्यांच्या प्रतिमा काढल्या होत्या. तेथेही निर्णायक लाभ दिसला नाही.

'डायड'मधील आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. ज्यांच्या तपासणीत दोष दिसला होता, त्यांच्यापैकी काहींची तीन वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ७९ टक्क्यांच्या बाबतीत तो दोष उरलेला नव्हता. कोणती जादू झाली होती? जादू काहीच नव्हती. ह्या काळात दोन्ही गटांतील रुग्णांना रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर आटोक्यात ठेवणारी औषधे अधिकाधिक मिळत गेली होती. प्रतिमा काढलेल्यांना मिळाली तशी न काढलेल्यांनाही मिळाली. दोन्ही गट बऱ्यापैकी सुखरूप राहिले ह्याचे श्रेय बहुधा ह्या साध्या, रोजच्या, कंटाळवाण्या गोळ्यांना द्यावे लागेल.

डेन्मार्कमधील एक अभ्यास हेच दुसऱ्या बाजूने सांगतो. मूत्रपिंडावर परिणाम होऊ लागलेल्या १६० मधुमेह्यांपैकी निम्म्यांना साखर, रक्तदाब, चरबी, आहार, व्यायाम आणि तंबाखू ह्या सर्वांबाबत एकाच वेळी नेटाने उपचार व मार्गदर्शन देण्यात आले. सुमारे आठ वर्षे हे चालले. एकवीस वर्षांनंतर, २०१६ मध्ये, हिशेब मांडला तेव्हा ह्या गटाचे आयुष्य दुसऱ्या गटापेक्षा ७.९ वर्षांनी अधिक भरले. त्यांना हे आयुष्य कोणत्याही एका तपासणीने दिले नाही. ते दिले चिकाटीने.

येथे नैतिक प्रश्नाचे खरे रूप दिसू लागते. पाहणे आणि काळजी घेणे ह्या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीमुळे दुसरी झाली असा भास होतो, हाच धोका आहे. महागडी प्रतिमा काढून घेतलेला माणूस 'आपण हृदयाकडे लक्ष दिले' अशा समाधानात घरी येतो आणि रक्तदाबाची गोळी संपून पंधरा दिवस झाले तरी आणत नाही. मुलगा वडिलांच्या तपासणीचे पैसे भरतो आणि त्यांच्याबरोबर संध्याकाळी अर्धा तास चालायला त्याला वेळ नसतो. डॉक्टर अहवालावर सही करतात आणि रुग्णाच्या पायांची बोटे पाहायची राहून जातात.

१९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने विल्सन आणि युंगनर ह्या दोघांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. लक्षणे नसलेल्या लोकांमध्ये रोग शोधत फिरणे केव्हा योग्य, ह्याच्या दहा कसोट्या तिच्यात आहेत. रोग महत्त्वाचा असावा, तपासणी लोकांना स्वीकारता येण्यासारखी असावी, खर्चाचा मेळ बसावा, अशा त्या कसोट्या आहेत. त्यांतील एक माझ्या मते निव्वळ वैद्यकीय नसून नैतिक आहे: सापडलेल्या रोगावर मान्य उपचार असावा आणि तो मिळण्याची सोय असावी. साध्या शब्दांत, जे उचलण्याची तयारी नाही ते उकरून काढू नये. रुग्णाच्या हृदयातला दोष त्याला दाखवायचा आणि मग 'आता पुढचे तुम्ही पाहा' म्हणायचे, ही त्याला दिलेली मदत नव्हे. ते त्याच्या डोक्यावर ठेवलेले ओझे आहे.

पाहण्याची कृती निर्दोष असतेच असे नाही, हे महाराष्ट्राने तर फार कडू रीतीने शिकले आहे. ज्या श्राव्यातीत ध्वनीने हृदय दिसते, त्याच ध्वनीने गर्भातली मुलगीही दिसते. ती दिसली म्हणून किती मुली जन्माला येऊ शकल्या नाहीत! म्हणूनच १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात प्रथम गर्भलिंगतपासणीवर कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तो २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. आज गर्भाचे लिंग दाखवू शकणाऱ्या यंत्रांची नोंदणी करावी लागते, आणि हृदयाच्या तपासणीला वापरले जाणारे यंत्रही त्या कक्षेत येऊ शकते. ध्वनी तोच, प्रतिध्वनी तोच. पाहणाऱ्याच्या मनात 'पाहिल्यावर काय' ह्याचे कोणते उत्तर आहे, त्यावर त्या पाहण्याचे मोल ठरते.

मध्ययुगातील तत्त्वचिंतक संत थॉमस अक्वायनस ह्यांनी जाणून घेण्याच्या इच्छेचे दोन प्रकार मानले आहेत. एक म्हणजे योग्य हेतूने, योग्य मर्यादेत, कष्टपूर्वक ज्ञान मिळवण्याची वृत्ती. तिला त्यांनी सद्गुण मानले. दुसरी म्हणजे भरकटलेले कुतूहल. ज्ञान वाईट असते म्हणून हे कुतूहल वाईट, असे त्यांचे म्हणणे नाही. ते आपल्याला अंगावर असलेल्या कर्तव्यापासून कमी उपयोगाच्या गोष्टीकडे ओढून नेते, हा त्याच्या दोषांपैकी एक. तेराव्या शतकातील हा विचार आजच्या तपासणीकेंद्राच्या दाराशी नेऊन ठेवला तरी जुना वाटत नाही. भीतीपोटी दर सहा महिन्यांनी नवनवे स्कॅन काढत राहणे हे कुतूहलाचेच एक दुःखी रूप आहे. साप साप म्हणून भुई धोपटल्याने साप मरत नाही. हात मात्र दुखतात.

पण नाण्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणून कोणतीच तपासणी न करणारे आपल्यात कमी नाहीत. साखर तपासली तर गोड सोडावे लागेल, हृदय तपासले तर बिडी सोडावी लागेल, म्हणून न तपासलेलेच बरे! हे अज्ञान निरागस नाही, ते निवडलेले आहे. आपल्या अज्ञानाची किंमत आपण एकटे मोजत नाही. ती बायकामुलेही मोजतात. तेव्हा कुतूहल हा जसा एका टोकाचा दोष, तसे हे सोयीचे आंधळेपण दुसऱ्या टोकाचा दोष आहे. विवेक ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा असतो, आणि त्याची जागा कायमची आखून ठेवलेली नसते.

ती कशी सरकते हे ह्याच विषयात पाहण्यासारखे आहे. ताठरलेल्या हृदयावर नेमका उपाय डॉक्टरांपाशी बराच काळ नव्हता. मग २०१५ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साखर लघवीवाटे बाहेर टाकणारे एम्पाग्लिफ्लोझिन हे औषध हृदयविकार असलेल्या सात हजारांहून अधिक मधुमेह्यांत वापरून पाहिले होते. दुर्बल हृदयामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण त्यात ३५ टक्क्यांनी घटले. २०२१ मध्ये, ज्यांचे हृदय रक्त नीट टाकते पण नीट भरत नाही अशा रुग्णांतही ह्या औषधाचा लाभ दिसला. त्याच गटातील डापाग्लिफ्लोझिनवरील एकाधिकार भारतात २०२० मध्ये संपला आणि एम्पाग्लिफ्लोझिनवरील मार्च २०२५ मध्ये. त्यानंतर देशी कंपन्यांची औषधे आली आणि किमती पुष्कळ उतरल्या. विल्सन आणि युंगनर ह्यांची ती कसोटी, उपाय असावा आणि तो हाती यावा ही, काल जेथे पुरी होत नव्हती तेथे आज पुरी होऊ लागली आहे.

त्यामुळे तज्ज्ञांचा सल्लाही बदलला. २०२२ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने असे सुचवले, की मधुमेह्यांच्या रक्तातील एक विशिष्ट द्रव्य वर्षातून किमान एकदा मोजावे. हृदयाच्या स्नायूवर ताण आला की ते रक्तात वाढते. ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेले आढळले, तरच इको काढावा. ह्या क्रमाला आधार आहे. आयर्लंडमध्ये तेराशेहून अधिक जोखमीच्या लोकांवर झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ह्याच मार्गाने गेला होता. आधी रक्त, मग गरज असेल त्यांचाच इको, आणि मग गावचे डॉक्टर व हृदयरोगतज्ज्ञ ह्यांनी मिळून घेतलेली काळजी. हृदयाची कार्यक्षमता बिघडण्याचे प्रमाण तेथे ८.७ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आले. सर्वांच्या हृदयात सर्व यंत्रांनी डोकावणे आणि कोणाच्याच हृदयात न डोकावणे, ह्यांच्यामधला हा मार्ग आहे. त्याचे यश प्रतिमेत जेवढे आहे, त्याहून अधिक प्रतिमेनंतरच्या सोबतीत आहे.

आता त्या गृहस्थांच्या 'पाप आहे का' ह्या प्रश्नाकडे वळू. नीतिशास्त्रात जीव जपण्याच्या साधनांबाबत 'सामान्य' आणि 'असामान्य' असा भेद फार पूर्वीपासून केला जातो. पोप बारावे पायस ह्यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात तो स्पष्ट केला. व्यक्ती, स्थळ, काळ आणि परिस्थिती पाहता जी साधने स्वतःवर किंवा इतरांवर जड ओझे टाकत नाहीत, ती वापरणे बंधनकारक. त्यापलीकडची साधने वापरण्याची मुभा आहे, सक्ती नाही. हा भेद धर्मश्रद्धा नसलेल्यालाही पटण्यासारखा आहे. गोळ्या वेळेवर घेणे, रक्तदाब मोजणे, तंबाखू सोडणे, पायांची काळजी घेणे ही सामान्य साधने होत आणि त्यांची टाळाटाळ करण्यास सबब नाही. लक्षणे नसताना, डॉक्टरांनी विशेष कारण दिलेले नसताना, मुलीची फी अडवून महागडे स्कॅन काढणे हे बहुतेकांच्या बाबतीत बंधन होऊ शकत नाही. विशेष कारण असेल तर मात्र परिस्थिती पालटते. आणि ते कारण कोणते, हे डॉक्टरांना विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

मात्र हा न्याय फक्त लक्षणे नसलेल्यांना लागू आहे, हे ठळकपणे सांगितले पाहिजे. येथे मला फ्रेमिंगहॅमचा तो पाचपटीचा आकडा पुन्हा आठवतो. आपल्या घरांतील साठीच्या मधुमेही स्त्रीला विहिरीवरून घरापर्यंत येताना दम लागतो, रात्री उशीला उशी लावून झोपावे लागते, संध्याकाळी पायांवर सूज येते. मुले म्हणतात, "आई, वय झाले आता, व्हायचेच." तीही तेच म्हणते. तिच्या बाबतीत राखणदारीण मुकी नाही; ती कुजबुजते आहे, आणि घरातले कोणी ऐकत नाही. अशा स्त्रीची हृदयतपासणी ही चाळणी नव्हे, ती तिच्या तक्रारीचे उत्तर आहे. ते तिला वेळेत मिळाले पाहिजे. निरोगी दिसणाऱ्या मुलाचे वार्षिक स्कॅन होते आणि दमलेल्या आईचा साधा इको होत नाही, हा घराघरांतला अन्याय कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

ह्या सर्व विवेचनावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. ज्याचा भाऊ पन्नाशीत, एकदाही छातीत न दुखता, झोपेतच गेला, तो म्हणेल, "तुमच्या सरासरीचे मला काय? त्याची तपासणी झाली असती तर तो आज असता." ह्या माणसापुढे टक्केवारी मांडणे निर्दयपणाचे होईल. सरासरी कोणाचा भाऊ नसते. कदाचित त्या एकाला तपासणीने वाचवलेही असते. अभ्यास त्याची शक्यता नाकारत नाही. अभ्यास एवढेच सांगतो, की तपासणीने वाचलेला असा एखादा असेल, तर तिच्यापायी विनाकारण भयभीत झालेले, अँजिओग्राफीच्या रंगद्रव्याचा आधीच नाजूक झालेल्या मूत्रपिंडांना त्रास झालेले, कर्जात गेलेलेही काही असतात. ते आपल्यापुढे रडत येत नाहीत, कारण आपले नुकसान कोठून झाले हे त्यांना कळलेले नसते. शोक करणाऱ्या भावाला ह्या युक्तिवादाने समाधान मिळणार नाही, आणि मिळावे अशी अपेक्षाही करू नये. त्याच्याजवळ बसावे. धोरण ठरवणाऱ्यांनी मात्र दोघांचेही ऐकले पाहिजे: जो गेला त्याचेही आणि ज्याला उगाच भोगावे लागले त्याचेही.

तपासणी झाली, दोष दिसला, तर पुढे आणखी एक जबाबदारी येते. "त्यांना सांगू नका, फादर, ते खचतील," असे नातेवाईक प्रेमापोटी म्हणतात. पण प्रतिमा ज्याच्या हृदयाची आहे त्याचा तिच्यावर पहिला हक्क आहे. सांगायचे कसे, किती वेळात, कोणाच्या सोबतीने, ह्यात करुणा असावी. सांगायचे की नाही ह्यात नसावी. आणि सांगताना हेही सांगावे, की ताठरलेला स्नायू म्हणजे तो माणूस नव्हे. आपल्या भाषेत काळीज तुटते, काळजाला घरे पडतात, काळजाचा ठोका चुकतो. ह्यांतील एकही गोष्ट पडद्यावर उमटत नाही. पडद्यावर जे दिसते ते खरे आहे आणि औषधासाठी पुरेसेही आहे. माणूस ओळखण्यासाठी ते पुरे पडत नाही.

तेव्हा न दुखणाऱ्या हृदयात डोकावावे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर एका 'होय' किंवा 'नाही'त देता येत नाही. ते आणखी तीन प्रश्नांत दडलेले आहे, आणि हे प्रश्न यंत्राखाली झोपण्याआधी रुग्णाने डॉक्टरांना आणि घरच्यांनी स्वतःला विचारावेत. ह्या तपासणीत काही दिसले, तर आज जे करतो आहोत त्याहून वेगळे काय करणार? ते करण्याची ऐपत आणि तयारी आहे काय? आणि तपासणीशिवायही जे करायला हवे, ते आपण करतो आहोत काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर तेथूनच सुरुवात करावी. त्यासाठी रांगेत उभे राहावे लागत नाही. घरात कोणाला मधुमेह असेल, तर आज रात्री जेवणानंतर त्याच्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन किती उरल्या आहेत ते मोजावे, आणि चालताना दम लागतो का, हे त्याला विचारावे. उत्तर मिळेपर्यंत मात्र समोरून उठू नये.